रोलंडच्या पोराच्या कॉलेजचा मधला पगार

नॉर्बर्ट गापिन्स्कीच्या पोटात गेले दहा महिने दुखत होतं, आणि त्या दुखण्याचं नाव होतं प्रेस्टन एबरसोल. प्रेस्टन हा शेजारच्या रोलंडचा मुलगा. आता शेजाऱ्याचा मुलगा वकील झाला तर सभ्य माणसाला आनंद व्हायला पाहिजे. नॉर्बर्टलाही झाला असता, पण त्याची स्वतःची बर्नाडेट त्याच मे महिन्यात वकील झाली होती. एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना दोन वकील निघाले की आनंदाची वाटणी जरा अवघड होते.

बर्नाडेट शिकली पोर्ट हॅन्सनच्या, म्हणजे गावातल्याच लॉ कॉलेजात. प्रेस्टन शिकला शिकागोच्या हॅलोवेल लॉ स्कूलमध्ये. सनदेची परीक्षा दोघंही पहिल्या फटक्यात पास झाली. त्यानंतर बर्नाडेट गावाबाहेरच्या रोपवाटिकेत ताशी चौदा डॉलरवर ईस्टरच्या लिलींना पाणी घालू लागली आणि संध्याकाळी घरी येऊन नोकरीचे अर्ज लिहू लागली. प्रेस्टनचं काय चाललंय असं विचारलं की रोलंड म्हणायचा, "शिकागोत आहे." एवढंच. पण हे दोन शब्द तो अशा बेताने खाली ठेवायचा की पुढे विचारणाऱ्यालाच गावंढळ वाटावं.

नॉर्बर्टच्या नोकरीबद्दल इथे सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्या रामायणाला तीच जबाबदार आहे. तो काउंटीच्या वजनमाप खात्यात निरीक्षक होता. पेट्रोल पंपाचा गॅलन गॅलनच आहे ना, खाटकाचा पौंड पौंडच आहे ना, हे तपासायचं आणि यंत्रावर तारखेची चिकटपट्टी लावायची. एकतीस वर्षं त्याने हेच केलं. चिकटपट्टीची मुदत एक दिवस उलटली म्हणून त्याने एका शेंगदाणेवाल्या म्हातारीला दंड केला होता, आणि त्या रात्री त्याला छान झोप लागली होती.

लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ, सुरू झाला. लेंटमधल्या शुक्रवारी मांस खायचं नाही, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये मासळी तळतात आणि सगळा गाव जेवायला लोटतो. नॉर्बर्ट बावीस वर्षं कढईवर होता. कढईवर म्हणजे उकळत्या तेलापुढे, चष्म्यावर वाफ, केसांना कॉड माशाचा वास. आणि रोलंड कुठे? दाराशी, कुपनांच्या टेबलावर. खुर्चीत बसलेला, इस्त्रीचा स्वेटर घातलेला, येणाऱ्या प्रत्येकाशी दोन शब्द बोलणारा. हे काम त्याला कोणी दिलं हे नॉर्बर्टला बावीस वर्षांत कळलं नव्हतं.

त्या पहिल्या शुक्रवारी रोलंडने कॉलेजचा अहवाल आणला. लॉ कॉलेजांची अशी पद्धत आहे की पदवी देऊन दहा महिने झाले, मार्चचा मध्य आला, की प्रत्येक पोराला विचारायचं, कुठे आहेस, काय करतोस, किती मिळतात. त्या दिवशी जो नोकरीत तो नोकरीत. मग त्याचा तक्ता करून जगाला दाखवायचा. रोलंडच्या हातात हॅलोवेलचा आदल्या वर्षीचा तक्ता होता. शहाण्णव टक्के नोकरीत. मधला पगार एक लाख पंचेचाळीस हजार. मधला म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं की बरोब्बर मध्ये उभा असेल त्याचा.

"मधला," रोलंडने पुन्हा सांगितलं. "म्हणजे अर्धी पोरं त्याच्याहून वर."

प्रेस्टन वर की खाली हे तो बोलला नाही. पण ऐकणाऱ्यांनी त्याला आपापल्या मनाने वर चढवून टाकलं, आणि नॉर्बर्टच्या हातून कॉडचे सहा तुकडे करपले.

घरी आल्यावर त्याने लॉरेनला, म्हणजे बायकोला, सांगितलं की हे माप खोटं आहे. बघितलंही नाही, पण खोटं आहे. एकतीस वर्षांच्या अनुभवावरून त्याला वास येतो. लॉरेन म्हणाली की वास येतोय तो मासळीचा आहे, आधी अंघोळ कर.

अंघोळ करून तो कॉम्प्युटरवर बसला. हॅलोवेलचा अहवाल सापडला, आणि खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलेल्या टिपाही सापडल्या. त्या वाचताना त्याला जो आनंद झाला तो लग्नाच्या दिवशीही झाला नसावा. पदवी घेतलेली पोरं दोनशे बारा. पगार सांगितलेली अठ्ठावन्न. बाकीची गप्प. आता पगार विचारल्यावर कोण बोलतो? ज्याला सांगायला आवडतं तो. म्हणजे हे अठ्ठावन्न हौशी रांगेत उभे करायचे, त्यांच्यातला मधला काढायचा आणि त्याला कॉलेजचा मधला म्हणायचं. शिवाय 'नोकरीत' या रकान्यात काय काय कोंबलं होतं. वकिली करणारे होतेच, पण 'कायद्याची पदवी उपयोगी पडेल अशी कामं' असंही एक गाठोडं होतं, आणि त्यात एक जण मोटारबोटी विकत होता. आणि एकतीस जण तर खुद्द कॉलेजच्याच पगारावर, अल्पमुदतीच्या कामावर. मोजणीच्या दिवसापुरती पोरांना आपल्याच घरात कामाला ठेवायची आणि नोकरीत म्हणून मोजायची. याला नॉर्बर्टच्या खात्यात तराजूवर बोट ठेवणं म्हणतात, आणि त्याला दंड आहे.

दुसऱ्या दिवसापासून त्याने तक्ता करायला घेतला. बेत असा की पुरा झाला की एखाद्या शुक्रवारी तो भर हॉलमध्ये रोलंडच्या कुपनांशेजारी ठेवायचा. गावात बातमी गेली आणि सल्ले यायला लागले. न्हावी ऑझी म्हणाला, रंगीत कर. निवृत्त पोस्टमास्तरीण स्टेला व्राबेल म्हणाली की आकडे कोणी वाचत नाही, पोरांची चित्रं काढ, नोकरीवाली हसरी, बिननोकरीवाली रडकी. नॉर्बर्टने दोनशे बारा चेहरे काढायला घेतले. चाळिसाव्या चेहऱ्यापाशी त्याच्या लक्षात आलं की पगार न सांगणाऱ्याचा चेहरा हसरा की रडका हे आपल्याला माहीत नाही. मग त्याने थेट हॅलोवेलला फोन लावला.

पलीकडच्या गोड आवाजाने विचारलं की आपण प्रवेश घेऊ इच्छिता का. नॉर्बर्ट म्हणाला, नाही, मला फक्त आकड्यांबद्दल विचारायचंय. आवाज म्हणाला की आकड्यांची माहिती प्रवेशेच्छूंनाच मिळते. नॉर्बर्टने एकवार इकडेतिकडे पाहिलं आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रवेशेच्छू झाला. नाव, पत्ता, शर्टाचं माप सगळं सांगितलं. आकडे काही मिळाले नाहीत. मात्र रोज सकाळी पत्र यायला लागलं की नॉर्बर्ट, न्यायाचं क्षेत्र तुझी वाट बघतंय. न्यायाच्या क्षेत्राने बघितली नसेल एवढी वाट तो त्या आकड्यांची बघत होता.

आणि एका शनिवारी दारावर टकटक झाली. दारात रोलंड. हातात फोडलेलं पाकीट, पाकिटात जांभळा सदरा, सदऱ्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं, 'हॅलोवेलचा भावी वकील'.

"पोस्टमनने चुकून माझ्याकडे टाकलं," रोलंड म्हणाला. "हॅलोवेलचं नाव दिसलं, मला वाटलं प्रेस्टनचं असेल. मग आत चिठ्ठी बघितली. तू शिकायला चाललायस होय रे?"

रोलंडने हसायला पाहिजे होतं. तो हसला असता तर नॉर्बर्टला भांडता आलं असतं. पण रोलंडने चेहरा गंभीर ठेवला, पायपुसण्यावर बूट पुसले, आत येऊन स्वयंपाकघराच्या दाराशी टेकला आणि म्हणाला की शिकायला वय नसतं, प्रेस्टनला सांगून जुन्या वह्या मागवू का. नॉर्बर्टच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आणि नेमका त्याच क्षणी फोन वाजला.

फोन पोर्ट हॅन्सन लॉ कॉलेजचा होता. मिसेस टिबेट्स नावाची बाई. बर्नाडेटला तीन निरोप ठेवले पण उत्तर नाही, मोजणीची तारीख जवळ आली, वडील आहात तर तुम्हीच सांगा, मुलगी सध्या नोकरीत आहे का?

बर्नाडेट त्या वेळी लिलींमध्ये होती. खरं उत्तर चार शब्दांचं होतं. पण दाराशी रोलंड टेकलेला होता, त्याच्या हातात तो जांभळा सदरा होता, आणि त्याने दोन्ही कान स्वयंपाकघरात पाठवून दिले होते.

"आहे तर," नॉर्बर्ट मोठ्याने म्हणाला. "शेतीमालाच्या मोठ्या कंपनीत. कायदा विभागात. कायमची."

पगार सांगता येईल का, असं बाईंनी विचारलं. नॉर्बर्टने रोलंडकडे पाहिलं. लाखाच्या वर जायचं धाडस झालं नाही, तो मुळात सचोटीचा माणूस.

"ब्याण्णव हजार," तो म्हणाला. "आणि दातांचा विमा."

रोलंडचा चेहरा बदलला. किंचितच, पण एकतीस वर्षं काट्यांची थरथर बघणाऱ्या माणसाच्या नजरेतून ते सुटणार नव्हतं. रोलंडने सदरा टेबलावर ठेवला, अभिनंदन केलं आणि गेला. नॉर्बर्ट दिवसभर शीळ घालत होता. तक्त्याचं त्याला नावही आठवलं नाही.

पुढच्या शुक्रवारी हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. कुपनांच्या टेबलाची ही एक सोय आहे, बातमी आणि मासळी एकाच रांगेतून पुढे सरकते. लोक कोबीची कोशिंबीर वाढणाऱ्या बर्नाडेटचा हात हातात घेऊन अभिनंदन करायला लागले. ती आधी हसली, मग गोंधळली, मग कढईकडे बघायला लागली. नॉर्बर्टने घाईघाईने सांगितलं की रोलंडचा काहीतरी गैरसमज झालाय, आपण नंतर बघू. रोलंडवर ढकलायला त्याला जराही जड गेलं नाही.

नंतर बघायची वेळ मार्चच्या शेवटच्या बुधवारी आली. बर्नाडेट रोपवाटिकेतून आली, गमबूट न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली आणि तिने फोनवर आलेलं पत्र वाचून दाखवलं. गरिबांचे खटले फुकट चालवणाऱ्या कार्यालयात तिच्या कॉलेजतर्फे तीन जागा होत्या. वर्षभराची खरी वकिली, कोर्टात उभं राहून, घरमालकांनी हाकललेल्या भाडेकरूंच्या बाजूने. पगार कॉलेज देणार होतं. तिने जानेवारीत अर्ज केला होता, मुलाखत उत्तम झाली होती, निवड होईपर्यंत घरी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. त्या जागांना अट एकच होती, मोजणीच्या दिवशी पोरगं बेकार पाहिजे, आणि रोपवाटिकेतली रोजंदारी कॉलेज बेकारीतच धरत होतं. पत्रात लिहिलं होतं की आपल्या नोंदीनुसार आपण ब्याण्णव हजारांच्या कायम नोकरीत असल्याने आपलं नाव काढलं आहे. शुक्रवारी दुपारी बारा वाजता यादी बंद होईल. अभिनंदन.

कॉलेजच्याच पगारावरची वर्षापुरती जागा. हेच ते बोट, ज्याच्याबद्दल नॉर्बर्ट महिनाभर गावाला व्याख्यान देत होता.

लॉरेनने खुर्ची ओढली आणि ती नवऱ्याकडे बघत बसली. नॉर्बर्ट बरंच बोलला. सदरा, रोलंड, रोलंडचे कान, सगळं बोलला. बर्नाडेटने ते ऐकून घेतलं.

"बाबा, मी लिलींना पाणी घालते हे सांगायची मला कधी लाज वाटली नाही," ती म्हणाली. "तुला वाटली."

आणि ती वर गेली. गमबुटांचा चिखल पायऱ्यांवर राहिला, तो नॉर्बर्टने पुसला.

गुरुवारी सकाळी त्याने रजा टाकली आणि मिसेस टिबेट्सना फोन केला. बाई भल्या होत्या, पण एकदा बंद केलेली नोंद उघडायची तर ज्याने माहिती दिली त्याचंच लेखी निवेदन हवं, शपथेवर, नोटरीच्या शिक्क्यासह. नॉर्बर्टने निवेदन लिहिलं. 'मी खोटं बोललो' हे वाक्य त्याने सात प्रकारे लिहून पाहिलं. 'माझ्याकडून मोजमापात फरक पडला' हा प्रकार त्याला बराच आवडला होता, पण लॉरेनने तो खोडला.

बँकेतल्या नोटरीला फ्लू झाला होता. पार्सलच्या दुकानात दुसरी नोटरी होती, केसांना हिरवा रंग लावलेली पोरगी. तिने ओळखपत्र मागितलं, नॉर्बर्टने गाडीचा परवाना दिला, तिने तो उलटा करून बघितला आणि परत दिला. मुदत अकरा दिवसांपूर्वी संपली होती. नॉर्बर्ट म्हणाला की अकरा दिवसांत माझा चेहरा काही बदललेला नाही. ती म्हणाली, संपली म्हणजे संपली, सर. एकतीस वर्षं हे वाक्य तोच लोकांना ऐकवत आला होता. नवा परवाना टपालाने यायला दहा दिवस लागणार होते आणि पासपोर्ट त्याने आयुष्यात काढला नव्हता.

"एक वाट आहे," ती पोरगी म्हणाली. "नोटरी तुम्हाला वैयक्तिक ओळखत असेल तर ओळखपत्र लागत नाही. चांगली ओळख पाहिजे मात्र. आहे का कोणी?"

होता. बावीस वर्षं चांगली ओळख असलेला, मेन स्ट्रीटवर विम्याचं कार्यालय आणि काचेवर 'नोटरी' अशी पाटी असलेला एकच माणूस होता. नॉर्बर्टने त्या संध्याकाळी शेजारच्या दोन गावांतल्या आठ नोटरींना फोन करून पाहिले. त्याला वैयक्तिक ओळखणारा त्यांच्यात आणखी एक निघाला, पण त्याच्या भावाच्या पेट्रोल पंपाला नॉर्बर्टने टाळं लावलं होतं.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला तो रोलंडच्या कार्यालयात जाऊन बसला. वजनमाप खात्याचा गणवेश घालून आला होता, तेवढाच आधार. रोलंडने कागद घेतला. नोटरीला मजकूर वाचायचं खरं तर काही कारण नसतं, त्याने सही बघायची असते. रोलंडने मजकूर वाचला. एकदा चष्मा लावून वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"उजवा हात वर कर," तो म्हणाला.

नॉर्बर्टने हात वर केला. आपली मुलगी मोजणीच्या दिवशी बेकार होती, तिला ब्याण्णव हजार मिळत नाहीत, दातांचा विमाही नाही, आणि हे सगळं आपण शेजाऱ्याला ऐकवायला बोललो, हे खरं आहे अशी शपथ त्याने त्या शेजाऱ्यासमोर घेतली. 'शेजाऱ्याला' हा शब्द बर्नाडेटने घालायला लावला होता. रोलंडने शिक्का मारला, फी घेतली नाही, आणि कागद आपल्याच फॅक्सच्या यंत्रावरून कॉलेजला पाठवूनही दिला. पंधरा मिनिटं दोघंही यंत्राकडे बघत बसले. मग मिसेस टिबेट्सचं उत्तर आलं. निवेदन पोचलं, नाव यादीत परत घेतलं, पहिल्या क्रमांकावर.

नॉर्बर्टने सुटकेचा श्वास सोडला आणि टोपी उचलली. आता रोलंड बोलणार, म्हणजे काहीतरी मोठ्या मनाचं बोलणार, ते सहन करून निघायचं, अशी त्याने तयारी केली होती.

"प्रेस्टनचं एकतीसला संपतंय," रोलंड म्हणाला.

"काय संपतंय?"

"काम. कॉलेजच्याच लायब्ररीत होता रे तो. पुस्तकं लावायला. मोजणी झाली, आता सोडतायत." रोलंड शिक्क्याचं झाकण लावत होता आणि ते लागत नव्हतं. "तुझ्या कागदातल्या त्या तीन जागा... बाहेरच्या कॉलेजातली पोरं चालतात का? बर्नाडेटला विचारशील?"

नॉर्बर्टला आधी आनंद झाला, खोटं कशाला बोला. या वाक्यासाठी त्याने रात्री जागवल्या होत्या, दोनशे बारा चेहरे काढायला घेतले होते. त्या एकतीस जणांसारखाच प्रेस्टनही निघावा, अशी त्याने देवाकडे जवळजवळ प्रार्थनाच केली होती. पण समोर रोलंड झाकणाशी झटत होता आणि त्याच्या स्वेटरला आज इस्त्री नव्हती. विचारतो, असं नॉर्बर्ट म्हणाला. आणि कोणाला सांगू नकोस असं रोलंड म्हणायच्या आतच, नाही सांगत, असंही म्हणून बसला.

त्या संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. बर्नाडेट कोशिंबीर वाढता वाढता प्रत्येकाला स्वतःच सांगत होती की ती कंपनी वगैरे काही नाही, ते बाबांचं होतं. लोक मान वळवून कढईकडे बघत होते आणि नॉर्बर्ट कॉडचे तुकडे नको तितक्या वेळा उलटत होता. स्टेला व्राबेल ताट घेऊन कढईपाशी आली. झालं गेलं सोडून दे म्हणाली, आणि मग जीभ चावल्यासारखं करत विचारलं की शेजारच्या प्रेस्टनचं तरी बरं चाललंय ना.

नॉर्बर्टने दाराकडे पाहिलं. रोलंड कुपनं फाडता फाडता थांबला होता.

"उत्तम," नॉर्बर्ट म्हणाला. "शिकागोत आहे."

स्टेलाने कौतुकाने मान डोलावली आणि ही बातमी घेऊन ती पुढच्या टेबलाकडे गेली. नॉर्बर्ट तेलाकडे बघत राहिला आणि त्याचा जीव जळायला लागला. त्याचं स्वतःचं खोटं चार आठवडेही टिकलं नाही. रोलंडचं अकराव्या महिन्यात पाऊल टाकत होतं, धडधाकट होतं, आणि आता ते नॉर्बर्टलाच सांभाळायचं होतं.